गोव्यात पहिली रेटेड स्पर्धा खेळायचीय? नोंदणीपासून इटालियन ओपनिंगच्या दहाव्या चालीपर्यंत सगळं

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या हडफड्याला चेसचा वर्ल्ड कप झाला, २०६ खेळाडू आले होते, आणि तेव्हापासून फोंडा, डिचोली, वाळपई भागातले ओळखीचे पालक सारखे विचारतायत की आमच्या मुलाला पण खरी स्पर्धा खेळवायचीय, सुरुवात कुठून करू. माझी मुलगी रेटेड स्पर्धा खेळते (म्हणजे जिच्या निकालांवरून फिडे ही जागतिक चेस संघटना खेळाडूच्या ताकदीचा आकडा, रेटिंग, ठरवते), त्यामुळे फॉर्म, पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ते), आर्बिटर (पंच), ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) या सगळ्यातून आम्ही गेलोय आणि त्या वेळी हे सगळं एका जागी मराठीत लिहिलेलं कुठे सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. मोठ्या वयात पहिल्यांदा खेळणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त "मुलगा-मुलगी" जिथे आलंय तिथे स्वतःला धरा.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिल्या स्पर्धेतून घरी यायला हवी ती प्रत्येक डावाची शेवटपर्यंत लिहिलेली स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद. पॉइंट किती झाले ते पहिल्या वेळी तुमच्या हातात फारसं नसतं, का ते पेअरिंगच्या भागात येईल. पण स्कोअरशीट पूर्ण असली की हरलेल्या डावातूनही पुढचा महिनाभर शिकता येतं, आणि खालची बरीचशी तयारी त्यासाठीच आहे.

१. आधी स्पर्धा कुठली ते ठरवा

स्पर्धेचं माहितीपत्रक आलं की बहुतेक जण तारीख, जागा आणि बक्षिसं बघतात. तुम्ही आधी टाइम कंट्रोल बघा. ९०+३० लिहिलं असेल तर प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा, म्हणजे क्लासिकल, एक डाव तीन-साडेतीन तास सहज चालू शकतो. १५+१० वगैरे असेल तर रॅपिड, एका दिवसात स्पर्धा संपते. ३+२ म्हणजे ब्लिट्झ, पहिल्या स्पर्धेसाठी नकोच. तिन्हींची फिडे रेटिंगं वेगवेगळी असतात हेही लक्षात ठेवा, रॅपिडमध्ये मिळालेलं रेटिंग क्लासिकलमध्ये दिसत नाही.

माझं मत असं की आधी आपल्याच तालुक्यातली एखादी रेटिंग नसलेली एक दिवसाची रॅपिड खेळवा, म्हणजे हॉल, घड्याळ, आर्बिटर, अनोळखी मूल समोर बसणं याची सवय होते, आणि मग सरळ क्लासिकल रेटेड. मधे रॅपिडच रॅपिड खेळवत बसू नका, मूल भराभर खेळायची सवय लावून घेतं आणि ती मोडायला फार वेळ लागतो.

वयोगटाच्या स्पर्धेत (अंडर ९, अंडर ११ वगैरे) वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला धरतात. वाढदिवस मार्चमध्ये असो की डिसेंबरमध्ये, वर्ष बघायचं. ओपन स्पर्धेत वयाची अट नसते, आठ वर्षांच्या मुलासमोर साठीचे काका बसू शकतात, आणि मुलाला हे आधी सांगून ठेवा नाहीतर ते बिचकतं.

२. नोंदणी आणि कागदपत्रं

रेटेड स्पर्धेसाठी ऑल इंडिया चेस फेडरेशनकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते, ती त्यांच्या साइटवर ऑनलाइन होते, राज्य निवडताना गोवा. आपल्याकडे राज्य पातळीवर गोवा चेस असोसिएशन आहे आणि खाली तालुक्यातालुक्याच्या संघटना, कुठे अडलं तर तालुक्याच्या लोकांना विचारा. फिडे आयडी हा फेडरेशनमार्फतच मिळतो, आपण आपला काढायचा नसतो.

हे हाताशी ठेवा:

- जन्मदाखला, स्कॅन केलेला, स्पष्ट वाचता येईल असा
- आधार कार्ड
- पासपोर्ट साइझ फोटो, फाइल छोटी करून ठेवलेली
- पालकांचा मोबाइल नंबर आणि ईमेल, जो तुम्ही खरंच उघडता
- नोंदणी झाल्यावर मिळालेला नंबर आणि पावती, फोनमध्ये आणि एक प्रिंट

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. जन्मदाखल्यात एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, आणि गोव्यात तर आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहिलेलं असतं हे तुम्हाला माहीतच आहे. एकच स्पेलिंग ठरवा आणि नोंदणीत, स्पर्धेच्या फॉर्मवर, सगळीकडे तेच टाका. नाहीतर एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार होतात आणि त्या एकत्र करून घेताना मेलवर मेल करावे लागतात. नोंदणीला मुदत असते, ती संपलीय का हे प्रवेश फी भरायच्या आधी बघा.

स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रवेश यादी ऑनलाइन लागते, बहुतेक चेस-रिझल्ट्स या साइटवर. नाव, जन्मवर्ष, आयडी बघून घ्या आणि चूक असेल तर पहिल्या फेरीच्या आधीच कळवा.

३. ओपनिंग: थोडंच, पण कारणासकट

आता मुद्द्याचं. नवीन मुलं (आणि त्यांचे पालक) व्हिडिओ बघून आठ-दहा ओपनिंग पाठ करतात आणि समोरच्याने तिसऱ्या चालीला वेगळं काही खेळलं की गाडी अडते. पहिल्या स्पर्धेला तीन गोष्टी पुरतात: पांढऱ्याने एक ओपनिंग, काळ्याने ई४ ला (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) एक उत्तर, डी४ ला (वजीरासमोरचं) एक उत्तर. पण प्रत्येक चाल का खेळायची हे मुलाला स्वतःच्या शब्दात सांगता आलं पाहिजे, ते येत नसेल तर ती चाल त्याला येत नाही असंच समजा.

पांढऱ्याने: इटालियन (आधी पांढऱ्याची चाल, रेघेनंतर काळ्याची; सोंगटीचं नाव नाही तिथे प्यादं)

१. ई४ – ई५
२. घोडा एफ३ – घोडा सी६
३. उंट सी४ – उंट सी५
४. सी३ – घोडा एफ६
५. डी३ – डी६
६. कॅसलिंग – कॅसलिंग
७. हत्ती ई१ – ए६
८. उंट बी३ – उंट ए७
९. एच३ – एच६
१०. बी१ वरचा घोडा डी२

दुसऱ्या चालीला घोडा ई५ च्या प्याद्यावर नजर ठेवतो, म्हणून काळा ते सी६ च्या घोड्याने राखतो. तिसऱ्या चालीचा उंट एफ७ कडे बघतो, कारण त्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचाच आधार असतो. चौथी चाल सी३ मुलांना कंटाळवाणी वाटते पण तिच्यात दोन कामं आहेत, पुढे कधीतरी डी४ खेळायला आधार तयार होतो आणि सी२ चं घर रिकामं होतं. आता काळ्याने घोडा ए५ ला आणून आपला उंट पकडायचा प्रयत्न केला तर उंटाला बी३ वरून सी२ ला मागे जाता येतं. काळाही ए६ तेवढ्यासाठीच खेळतो, त्याच्या उंटाला ए७ ला जागा हवी असते, कारण आपण डी४ खेळलो की सी५ चा उंट हलवावाच लागतो. एच३ ने काळ्याचा उंट जी४ ला येऊन घोडा अडकवणं थांबतं, काळ्याच्या एच६ चंही तेच कारण उलट बाजूने.

आणि सातवी चाल, हत्ती ई१. तो ई४ ला आधार देतो हे खरंच, पण तो सरकल्यामुळे एफ१ रिकामं होतं आणि दहाव्या चालीला डी२ ला आलेला घोडा पुढे एफ१ वरून जी३ ला जातो, तिथून एफ५ वर झेप. हा घोड्याचा प्रवास मुलाला पटावर चार-पाच वेळा करायला लावा. ओपनिंग संपल्यावर "आता काय" हा जो प्रश्न मुलांना पडतो त्याचं उत्तर याच प्रवासात आहे, म्हणून मला इटालियन आवडतं, ते डावाचा पुढचा बेत पण शिकवतं.

समोरचा वेगळं खेळला तर:

काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा एफ६ आणला तर सरळ डी३, बाकी मांडणी वरचीच. तिथे घोडा जी५ ने हल्ला करता येतो, तो चुकीचा नाही, पण पहिल्या स्पर्धेत नको, कारण बऱ्याच क्लासमधल्या मुलांना त्याच्या पुढच्या चाली तोंडपाठ असतात.

दुसऱ्या चालीला डी६ खेळला तर लगेच डी४. इथे पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधला डाव बघा, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर दोघं मिळून एका बाजूला होते, अवघ्या १७ चालींत मात. सोंगट्या लवकर बाहेर काढणं म्हणजे काय हे त्या डावाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलं नाही, मुलाला हाताने पटावर मांडून दाखवा, मोबाइलवर नको.

पहिल्याच चालीला डी५ आली तर प्यादं मारा, वजीराने परत मारलं की घोडा सी३, वजीर हलवावा लागतो आणि आपली एक चाल वाढते. ई६ किंवा सी६ खेळला तर डी४, मग त्याने डी५ केल्यावर प्यादी मारामारी करून साधी मांडणी घ्या. सी५ म्हणजे सिसिलियन आलं तर घोडा एफ३ आणि मग डी४, प्याद्याला घोड्याने परत मारायचं, सोंगट्या बाहेर काढायच्या आणि कॅसलिंग. सिसिलियनचा अभ्यास नंतर, ते समुद्राएवढं आहे.

काळ्याने, ई४ विरुद्ध: ई५

इथे तीन धोके येतात, तिन्ही पटावर मांडून दाखवा.

पहिला, वजीर दुसऱ्याच चालीला एच५ ला. लहान गटात अजूनही हे खूप येतं. उत्तर घोडा सी६, मग उंट सी४ आला की जी६, वजीर एफ३ ला गेला की घोडा एफ६. क्रम बदलायचा नाही. दुसऱ्याच चालीला घाबरून जी६ केलं तर वजीर ई५ चं प्यादं मारून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती पण जातो. आणि उंट सी४ आल्यावर जी६ ऐवजी घोडा एफ६ केलं तर एफ७ वर तिथल्या तिथे मात.

दुसरा, इटालियनमधला घोडा जी५. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला उंट सी४ आणला की आपण उंट सी५ खेळायचं. मग त्याने घोडा जी५ ला आणला तर आपला वजीर तो घोडा फुकट मारतो, कारण डी८ ते जी५ ची तिरकी ओळ मोकळी असते. आपला घोडा एफ६ ला असता तर तीच ओळ बंद झाली असती आणि हल्ला खरा ठरला असता. मुलाने एफ६ खेळूनच टाकलं असेल तर: घोडा जी५ ला डी५, प्यादं मारलं की घोड्याने परत मारायचं नाही, घोडा ए५ ला नेऊन उंटावर हल्ला करायचा. घोड्याने मारलं तर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देऊन राजाला मैदानात ओढतो, आणि तिथून वाचणं मोठ्यांनाही कठीण जातं.

तिसरा, उंट बी५, म्हणजे रुय लोपेझ. उत्तर ए६. मुलं घाबरतात की उंटाने सी६ चा घोडा मारला तर ई५ चं प्यादं जाणार. जात नाही. डी च्या प्याद्याने परत मारा, त्याच्या घोड्याने ई५ खाल्लं की वजीर डी४, घोडा आणि ई४ चं प्यादं दोन्हींवर एकदम हल्ला, प्यादं परत मिळतं. उंट ए४ ला मागे गेला तर घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग.

काळ्याने, डी४ विरुद्ध: डी५

त्याने सी४ केलं तर ई६, मग घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, शांतपणे. यातला एक सापळा मुलांना फार आवडतो: सी४ – ई६, घोडा सी३ – घोडा एफ६, उंट जी५, आता आपण बी८ चा घोडा डी७ ला. पांढरा डी५ वर प्यादी मारामारी करतो आणि त्याला वाटतं एफ६ चा घोडा वजीरासमोर अडकलाय, म्हणून तो घोड्याने डी५ चं प्यादं खातो. आपण घोड्याने घोडा मारायचा, वजीर जाऊ द्यायचा. त्याने वजीर घेतला की उंट बी४ शह, त्याला मधे वजीर घालण्यावाचून दुसरी चाल नसते, आपण तो वजीर मारतो, मग राजाने डी८ वरचा उंट, आणि आपण एक सोंगटी वर. सापळा म्हणून मुद्दाम लावायला जायचं नाही पण चाली नैसर्गिक आहेत, लागला तर लागला.

लंडन (दुसऱ्या चालीला उंट एफ४) आपल्याकडे सगळ्या क्लासमध्ये शिकवतात, ते येणारच. घोडा एफ६, सी५, घोडा सी६, आणि संधी मिळाली की वजीर बी६, बी२ च्या प्याद्यावर. पांढऱ्याचा उंट बाहेर गेल्यामुळे ते प्यादं उघडं पडलेलं असतं.

एवढंच. सराव करताना घरी घड्याळ लावून याच मांडण्या पुन्हा पुन्हा खेळा, आणि दहा चालींनंतर थांबून विचारा: समोरच्याची शेवटची चाल कशासाठी होती, माझी कुठली सोंगटी आधाराशिवाय आहे, कुठली काहीच काम करत नाहीये. सुरुवातीच्या पातळीवर बहुतेक डाव या पहिल्या दोन प्रश्नांवरच जातात.

४. पेअरिंग समजून घ्या

स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, कोणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. पहिल्या फेरीत यादी रेटिंगनुसार लावून मधे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला विरुद्ध खालच्या भागातला पहिला असं जोडतात. २०० खेळाडू असतील तर १ नंबर विरुद्ध १०१ नंबर. तुमचं मूल बिगर-रेटेड म्हणजे यादीत शेवटाकडे, म्हणजे पहिला डाव जवळपास नक्की आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या खेळाडूशी. हरलं तर पुढच्या फेरीत हरलेल्यांशी जोडी, जिंकलं तर जिंकलेल्यांशी. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर चेहरा पाडू नका, मुलाने पाडला तरी तुम्ही नका पाडू. याच गोव्यातल्या वर्ल्ड कपमध्ये जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर पडला होता, आणि तिथे तर बाद फेऱ्या होत्या, परत संधीच नाही. इथे पुढची फेरी दुपारी असतेच.

एखादी फेरी खेळता येणार नसेल तर आर्बिटरला वेळेत सांगा. न सांगता गैरहजर राहिलात तर समोरचं मूल रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं आणि तुमचं नाव पुढच्या फेऱ्यांतूनही काढू शकतात.

५. स्कोअरशीट

पटावर आपण मराठीत बोलतो पण शीटवर इंग्रजी अक्षरं: राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी, घोडा एन. घोड्याला के लिहिणं ही पहिल्या स्पर्धेतली नेहमीची गडबड, मग घरी येऊन राजा दुसऱ्याच चालीला एफ३ ला कसा गेला ते शोधत बसावं लागतं. प्याद्याला अक्षर नाही, फक्त घर. मारलं तर फुली, शहाला अधिक, छोटं कॅसलिंग शून्य-रेघ-शून्य, मोठं तीन शून्यं. वरच्या इटालियनच्या दहाव्या चालीला दोन्ही घोडे डी२ ला जाऊ शकतात, तिथे एन च्या पुढे लहान बी लिहून मग डी२, नाहीतर कुठला घोडा ते कळत नाही.

आधी चाल करायची, मग लिहायची. आधी लिहून मग विचार करायची सवय काही जुन्या शिकवणाऱ्यांकडून येते, आता नियमाने ते चालत नाही. ३० सेकंद जादा मिळणाऱ्या डावात शेवटपर्यंत लिहावंच लागतं, वेळ कमी उरला म्हणून सूट नाही. शीटवर चालींशिवाय घड्याळातली वेळ लिहिता येते आणि हे फार उपयोगी आहे, दर पाच चालींनी बाजूला मिनिटं लिहायला शिकवा.

६. घड्याळ

९०+३० मध्ये लहान मुलं वीस-पंचवीस मिनिटांत डाव हरून बाहेर येतात आणि घड्याळात जवळपास सगळे ९० मिनिटं शिल्लक. काही वेळा तर सुरुवातीपेक्षा जास्त, कारण दर चालीला ३० सेकंद वाढतात आणि मूल दहा सेकंदांत खेळतं. माझ्या मते पहिल्या स्पर्धेची तयारी म्हणून ओपनिंगपेक्षाही हे महत्त्वाचं आहे. मुलाला सांगायचं की दहाव्या चालीनंतर थांब, पाणी पी, पाच मिनिटं फक्त पट बघ. दर चाली मागे हात मांडीखाली ठेवून बसायची सवय लावा, हात पटावर घुटमळत राहिला की विचार व्हायच्या आधी सोंगटी उचलली जाते.

ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. आणि दाबायला विसरायचं नाही. समोरचा दाबायला विसरला तर आठवण करून द्यायची सक्ती नाही, पण दिली तर मला बरं वाटतं, लहान गटात मी माझ्या मुलीला तसंच सांगते.

७. जिथे डाव फुकट जातात ते नियम

- सोंगटीला मुद्दाम हात लावला की तीच चालवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर शक्य असल्यास तीच मारायची. सरळ करायची असेल तर आपल्या चालीच्या वेळी आधी "अॅडजस्ट" म्हणा.
- कॅसलिंग एका हाताने, आधी राजा. आधी हत्तीला हात लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला मिळत नाही.
- प्यादं शेवटच्या घरात गेलं आणि बाजूला वजीर नसेल तर घड्याळ थांबवून आर्बिटरकडे मागा. घरी आपण हत्ती उलटा ठेवून वजीर म्हणतो, स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. आणि प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती बेकायदेशीर चाल.
- क्लासिकलमध्ये पहिल्या बेकायदेशीर चालीला समोरच्याला २ मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव हरला. आपल्याला दिसली तर भांडायचं नाही, घड्याळ थांबवून हात वर.
- मोबाइल किंवा स्मार्ट वॉच अंगावर सापडलं तर डाव गेला, वाजलं नसलं तरी. पालकांचा फोन मुलाच्या बॅगेत राहून गेला असं घडतं, आत सोडायच्या आधी बॅग स्वतः तपासा.
- ड्रॉ द्यायचा असेल तर चाल करून, विचारून, मग घड्याळ. समोरचा सारखं सारखं विचारत असेल तर तो त्रास आहे, आर्बिटरला सांगायचं.
- तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि ड्रॉ हवा असेल तर चाल शीटवर लिहून, न खेळता, आर्बिटरला बोलवायचं. चाल लिहिणं आधी आणि खेळणं नंतर असं फक्त अशा वेळीच चालतं.

मुलांना आर्बिटरला बोलवायची लाज वाटते, विशेषतः समोर मोठं माणूस असेल तर. घरी नाटक करून सराव घ्या. हात वर करायचा, घड्याळ थांबवायचं, हळू आवाजात सांगायचं. मराठी, कोंकणी, हिंदी, कशातही सांगितलं तरी आपल्याकडचे आर्बिटर समजून घेतात.

८. त्या दिवशी

बॅगेत दोन पेनं, पाण्याची बाटली, रुमाल, पातळ स्वेटर (एसी हॉल असला तर मुलं गारठतात), सुकामेवा किंवा केळं, नोंदणीची प्रिंट. पहिल्या फेरीच्या आधी पोटभर पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी नको, दोन तास बसायचं असतं. फेऱ्यांच्या मधे जेवण हलकं आणि अर्धा तास डोळे मिटून, त्या वेळात मोबाइलवर ब्लिट्झ खेळू देऊ नका.

पेडणे, काणकोणहून मडगाव किंवा पणजीला येणाऱ्यांनी पावसात एक तास जास्त धरा, माहितीपत्रकात डिफॉल्ट टाइम दिलेला असतो, त्याच्यानंतर पोचलं तर डाव न खेळताच हरतो. कदंबने येणार असाल तर एक बस आधीची पकडा.

पालकांना सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर हॉलमध्ये थांबू देत नाहीत. बाहेर थांबा. मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न "काय झालं" हा नसावा, "शीट दे" म्हणा, पाणी द्या, बाकीचं ते स्वतःच सांगतं.

९. डाव संपल्यावर

हात मिळवा, निकाल दोन्ही शीटवर लिहा, दोघांच्या सह्या, सोंगट्या जागेवर लावा, शीट जमा करून आपली प्रत घ्या. सही करायच्या आधी निकाल नीट वाचायला शिकवा, उलटा निकाल लिहिला गेला आणि पुढच्या फेरीची पेअरिंग लागली की दुरुस्ती अवघड होते. म्हणून तुम्हीही ऑनलाइन निकाल लागला की लगेच बघा.

घरी आल्यावर डाव लिचेस या चेसच्या साइटवर टाका, फुकट आहे, स्टडी बनवून ठेवता येते. पण इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर) बंद ठेवून. आधी मुलाने स्वतः प्रत्येक चालीला काय विचार केला होता ते बोलू दे, तुम्ही फक्त लिहा, दुसऱ्या दिवशी इंजिन लावा. मग ओपनिंगमध्ये कुठल्या चालीला ओळखीची वाट सोडली ती एक चाल शोधा आणि तेवढीच दुरुस्त करा. त्याच मांडणीतले मोठ्या खेळाडूंचे डाव तिथेच ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये सापडतात. आपल्या गोव्याचे अनुराग म्हामल (आपल्या राज्याचे पहिले ग्रँडमास्टर, २०१७), लिऑन मेंडोंसा, भक्ती कुलकर्णी यांचे डावही डेटाबेसमध्ये आहेत, मुलांना आपल्या गावच्या नावाचा डाव बघायला जास्त ओढ वाटते, माझ्या घरी तरी तसंच आहे.

रेटिंग कधी लागणार हा शेवटचा प्रश्न सगळेच विचारतात. रेटेड खेळाडूंविरुद्ध किमान ५ डाव व्हावे लागतात, ते वेगवेगळ्या स्पर्धांतले मिळून चालतात पण २६ महिन्यांच्या आत. मार्च २०२४ पासून यादीत सगळ्यात कमी रेटिंग १४०० आहे, त्याच्या खाली हिशेब आला तर मूल अजून बिगर-रेटेडच राहतं, पुढच्या स्पर्धेत पुन्हा धरतात. यादी दर महिन्याच्या १ तारखेला फिडेच्या साइटवर येते, आयडी टाकून बघायची. स्पर्धा महिन्याच्या अगदी शेवटी संपली असेल तर ती त्याच यादीत नसेल, पुढच्या महिन्याच्या यादीत बघा, आणि तिथेही नसेल तर त्या स्पर्धेच्या चीफ आर्बिटरला आयडी, फेऱ्या आणि निकाल लिहून मेल करा.